माया नावाची खूण

आमच्या दोन दुकानांच्या मध्ये फळ्यांची भिंत आहे. अलीकडे माझं बटणं, दोरे, लेस आणि चेन यांचं दुकान, पलीकडे तिचं शिवणाचं. फळ्यांना इतक्या फटी आहेत की तिच्या मशीनची सुई मोडली तरी मला ऐकू येतं. पण एवढ्या वर्षांत त्या फटींतून माझ्या हाती एकही बातमी लागली नाही, आणि बातम्यांच्या बाबतीत मी काही कच्ची नाही. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कोणाचं कोणाशी फाटलं हे विचारायला लोक माझ्याकडे येतात आणि जाताना उगाच दोन रिळं घेऊन जातात. माझी अर्धी विक्री तोंडावर चालते, हे मी नाकारत नाही.

तिला सगळे टाचणीमावशी म्हणतात. कपडा अंगावर बेतताना ती चारसहा टाचण्या ओठांत धरून ठेवते, त्यामुळे माप घेताना तिला बोलताच येत नाही. गिऱ्हाईक बोलत राहतं, ही नुसती "हं" करते. बायका डॉक्टरला सांगणार नाहीत ते तिच्या कानाशी कुजबुजत सांगतात. टाचण्या काढल्यावरही तिचं तोंड उघडायचं नाही. मी कमी प्रयत्न केले नाहीत. "अगं, ती बँकेतली एवढी रडत का होती?" असं विचारलं की ही शांतपणे म्हणणार, "बाही घट्ट झाली होती." बाही घट्ट झाली म्हणून कुणी रडतं का? पण त्यापुढे एक अक्षर नाही. मला भयंकर राग यायचा, आणि खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटायचं. माझं स्वतःचं बरंच काही तिच्या पोटात होतं.

तिचा नवरा कापायचा आणि ती शिवायची, अशी त्या दुकानाची सुरुवात. तो अचानक गेला तेव्हा पोरगा लहान होता आणि हिने आयुष्यात कधी कापडाला कात्री लावली नव्हती. जुने कपडे उसवून, त्यांचे तुकडे जमिनीवर मांडून ती कापायला शिकली. कापायची तिला फार भीती वाटायची. चुकून कमी कापलं गेलं तर, म्हणून ती प्रत्येक शिवणीत भरपूर माया सोडायची. ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांच्यासाठी सांगते: शिलाईच्या आत, उलट्या बाजूला, थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. अंग भरलं तर शिवण उसवायची आणि आतली माया सोडायची, कपडा पुन्हा होतो. घाईचे शिंपी माया ठेवत नाहीत. हिची भीती गेली, पण माया ठेवायची सवय राहिली, आणि तिच्या हातचे कपडे म्हणूनच वर्षानुवर्षं टिकायचे.

या मायेवरून आमच्याकडच्या बायकांची एक रीत पडली होती. नवीन लग्न झालेली कुणी दुकानात यायची, आरशात न बघता म्हणायची, "मावशी, या वेळी माया जरा जास्त ठेवा." मावशीला कळायचं. ती ना अभिनंदन करायची, ना कितवा महिना विचारायची. टेप पोटावरून थोडा सैल फिरवायची आणि कापडाच्या कोपऱ्यात एक लाल टाका घालून ठेवायची, म्हणजे कापताना विसर पडू नये. सासूला, आईला, कधी कधी नवऱ्यालाही कळायच्या आधी ती बातमी त्या लाल टाक्यात असायची. माझ्या वेळी मीही असंच म्हटलं होतं, आणि मी स्वतः बोभाटा करेपर्यंत कुणाला पत्ता लागला नव्हता.

पुढे मोबाइल आला आणि सगळ्यांचं जे झालं तेच हिचं झालं. पोरगा दूर नोकरीला, सून मात्र याच शहरात एका ऑफिसात कामाला. ती रविवारी यायची. सून गुणी आहे. तिने सासूच्या फोनवर निरोपांच्या ॲपमध्ये दुकानाचं खातं उघडून दिलं. गिऱ्हाइकं कापडांचे फोटो पाठवू लागली. दुकान बंद असताना आपोआप उत्तर देणारी एक सेवाही तिने जोडून दिली, त्यामुळे मावशी घरी जेवत असली तरी तिचा फोन लोकांना नम्रपणे "आम्ही लवकरच संपर्क करू" असं सांगायचा. मावशीने आयुष्यात स्वतःला कधी "आम्ही" म्हटलं नव्हतं. मी तिला महिनाभर "काय आम्ही, जेवलात का?" असं चिडवत होते.

त्या खात्यात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे खूण लावायची सोय होती. ॲपच्या आयत्या खुणा होत्या: नवीन गिऱ्हाईक, काम चालू, काम तयार. सुनेने विचारलं, आणखी काही हवी का? मावशीची नजर आणि आठवण दोन्ही उतरणीला लागली होती, लाल टाका घालायचाही कधी राहून जायचा. ती म्हणाली, एक लाल खूण दे, आणि त्यावर "माया" लिही. सुनेने लिहून दिलं. कुणी फोन बघितला असता तरी कुणाला काही कळलं नसतं, इतका तो शब्द साधा होता. मावशीला वाटलं, टाक्यापेक्षा हे बरं. टाका निदान कापडावर दिसतो.

मग एके दिवशी ॲपवर भलामोठा मजकूर आला. आम्ही आमचं धोरण बदललं आहे, कृपया वाचा. खाली दोन बटणं होती, "मान्य" आणि "नंतर". "नाही" असं बटण नव्हतं. आपण सगळे अशा वेळी काय करतो ते सांगायला नको. पण ही बाई न वाचता मान्य करणारी नव्हे. रोज सकाळी ती "नंतर" दाबायची आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की चष्मा लावून तो मजकूर वाचत बसायची. एकदा तिने फळीवर टकटक करून मला विचारलं, "व्यावसायिक भागीदार म्हणजे कोण गं?" मी म्हटलं, आयुष्याचे भागीदार आपल्या दोघींनाही टिकले नाहीत, आता हे कुठले नवीन शोधतेस. ती हसली आणि पुन्हा वाचायला लागली. निम्म्यावर तिला समजेनासं झालं. मग एका सकाळी "नंतर" हे बटणच गायब झालं. एक नवरी कपड्यासाठी दारात उभी, तिने पाठवलेला नमुना फोनच्या आत, आणि फोन मान्य म्हटल्याशिवाय उघडेना. मावशीने मान्य दाबलं.

आता चष्मेवालीचं सांगते. आमच्या रस्त्याच्या टोकाला चष्म्याचं दुकान आहे. तिथे डोळे तपासायला एक मुलगी बसते. सडपातळ, हळू आवाजाची. "आता स्पष्ट दिसतं का, की आधीचं बरं होतं?" हे ती इतक्या आर्जवाने विचारते की खोटं सांगवत नाही. लग्नाचे कपडे शिवायला तिची सासू तिला मावशीकडे घेऊन आली होती, तेव्हापासूनचं ते गिऱ्हाईक. म्हणून तिच्या नावापुढे दोन नंबर होते, एक तिचा आणि एक घरचा, म्हणजे सासूच्या हातातला.

तिची दोन बाळं पोटातच गेली होती. दोन्ही वेळा आधी घरभर, नात्यागोत्यात सांगून झालं होतं, आणि मग प्रत्येकाला उलटं सांगत बसावं लागलं होतं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने आणि नवऱ्याने ठरवलं की डॉक्टर धोका टळला म्हणेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. ती मावशीकडे आली, निळं कापड टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, माया ठेवा. पण बाहेरून दिसेल इतकी नको." मावशीने ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "मी कुणाला काही सांगत नाही, तुला ठाऊक आहे ना?" चष्मेवाली म्हणाली, "म्हणून तर आले. माझ्या आईलाही सांगितलेलं नाही." हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लपवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मावशीनेच सांगितलं.

ती गेल्यावर मावशीने तिच्या नावापुढे लाल खूण लावली.

त्यानंतर काही दिवसांनी चष्मेवालीच्या सासूच्या फोनवर एक निरोप आला. लहान मुलांच्या वस्तू विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा. वर गुलाबी पावलं काढलेली, खाली सुनेचं नाव, आणि मजकूर असा की आपल्या घरी लवकरच येणाऱ्या छोट्या पाहुण्याबद्दल अभिनंदन, पहिल्या खरेदीवर सवलत. सासूला वाटलं, दवाखान्यातूनच आला असणार. सून लाजते आहे, घाबरते आहे, म्हणून बोलली नसेल. ती बाई वाईट नाही. तिला आनंद झाला आणि तो तिच्याने आवरला नाही, इतकाच तिचा गुन्हा. तिने बहिणीला फोन लावला, भावाला लावला, विहिणीला लावला. संध्याकाळी सून कामावरून परत आली तेव्हा घरात माणसं जमली होती आणि तिला बसायला उशी आणून देत होती.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली मावशीच्या दुकानात आली. मी माझ्या दुकानात लेस मोजत होते. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही कुणाला सांगितलंत?"

मावशी म्हणाली, "कुणालाच नाही."

"दवाखान्यात घरचा नंबर दिलेलाच नाही. मला आणि त्यांना सोडून फक्त तुम्हाला माहीत होतं. त्यांनी मुलाच्या, म्हणजे होणाऱ्या मुलाच्या शपथेवर सांगितलं की ते बोलले नाहीत." मग म्हणाली, "शेजारच्या काकूंना सांगितलंत का?"

शेजारची काकू म्हणजे मी. मी हातातली लेस टाकून पलीकडे गेले आणि मला जे येतं ते केलं, म्हणजे भांडले. म्हटलं, या बाईने माझ्या सख्ख्या बहिणीची गोष्ट मला सांगितली नाही, तुझी काय सांगणार आहे. चष्मेवालीने माझ्याकडे बघितलंही नाही. ती मावशीच्या तोंडाकडे बघत होती. मावशी म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेव." एवढंच. तिला आपली बाजू मांडायची सवयच नव्हती. ती वेळच कधी आली नव्हती. चष्मेवालीने निळं कापड मागितलं, न शिवलेलं, घडी करून पिशवीत घातलं आणि निघून गेली.

पुढे ते बाळही राहिलं नाही. का, ते मला विचारू नका. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सासूने आनंद सांगताना कुणाला वगळलं नव्हतं, त्यामुळे आता तिला कुणालाच वगळता येईना. तिने पुन्हा एकेकाला फोन केला. चष्मेवाली आतल्या खोलीत पडून प्रत्येक फोन ऐकत होती. मावशी तिच्या दारापर्यंत गेली होती. नवऱ्याने दार उघडलं, झोपली आहे म्हणाला आणि दार हळूच लोटून घेतलं. ती परत आली आणि मशीनवर बसली, पण मशीन चालल्याचा आवाज काही आला नाही.

असल्या गोष्टी दाबून राहत नाहीत. टाचणीमावशीच्या तोंडून बातमी फुटली, अशी कुजबुज सुरू झाली. मी ज्याच्या त्याच्याशी वाद घातला, पण मी मावशीच्या बाजूने बोलले की लोकांना उलट खात्रीच पटायची. बायका कपडे टाकायला यायच्या, माप देताना गप्प राहायच्या. कुणी "माया ठेवा" म्हणेनासं झालं. ज्यांचं पोट दिसायला लागलं होतं त्यासुद्धा नेहमीचंच माप द्यायच्या आणि मग पलीकडच्या रस्त्यावरच्या शिंप्याकडून कपडा सैल करून घ्यायच्या. मावशी सगळं बघत होती. एकदा ती मला म्हणाली, "मी झोपेत बोलते का गं?" ती थट्टा करत नव्हती. ती घरी एकटी झोपायची.

उलगडा झाला तो एका निवृत्त मुख्याध्यापिकेमुळे. या बाई साठीच्या पुढच्या, अंगाने भरभक्कम, आवाज अजून शाळेच्या मैदानाला पुरून उरेल असा. एक दिवस त्या फोन नाचवत दुकानात शिरल्या. "ऐकलंत का, मला दिवस गेलेत." त्यांच्या फोनवरही तीच गुलाबी पावलं. तुमचा सातवा महिना सुरू होत आहे, झोपताना डाव्या कुशीवर वळा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, या वयात मला कुठल्याही कुशीवर वळायचं तर कुणीतरी हात द्यावा लागतो. मी हसून हसून खाली बसले. त्याही हसत होत्या. मावशी हसत नव्हती. तिने आपला फोन उघडला, मुख्याध्यापिकेचं नाव शोधलं आणि बघत राहिली.

काही महिन्यांपूर्वी औषधांनी अंग सुजतं म्हणून मुख्याध्यापिकांनी कपड्यात माया जास्त ठेवायला सांगितली होती. मावशीने खूण लावली होती. लाल.

"मी त्यांना माया लावली होती," मावशी मला म्हणाली. "फक्त एवढंच. हे कुणालाच सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही नव्हतंच."

रविवारी मावशीची सून आली. तिने ते धोरण शोधून काढलं आणि मोठ्याने वाचलं, मीही बसले होते. बराच वेळ वाचल्यावर एक वाक्य आलं: दुकानदाराने गिऱ्हाइकांना लावलेल्या खुणा व गट, सेवा सुधारण्यासाठी तसेच व्यावसायिक भागीदारांना उपयुक्त जाहिराती दाखवता याव्यात यासाठी वापरले जाऊ शकतात. आपोआप उत्तर देणारी ती नम्र सेवा, तीच यातली एक भागीदार. मी म्हटलं, पण "माया" वरून त्यांना काय कळणार? माया तर कुणाचीही कुणावर असते. सुनेने समजावून सांगितलं. यंत्राला शब्दाचा अर्थ कळायची गरजच नसते. त्याने एवढंच पाहिलं की या दुकानात ज्या ज्या बाईला ही खूण लागते, ती काही महिन्यांनी दुपटी आणि लंगोट विकत घेते. तेवढं त्याला पुरलं. आम्हा बायकांनी इतकी वर्षं जपलेली रीत त्याने नुसती बघून शिकून घेतली आणि विकली. मला इतका संताप आला की सुनेच्या हातातला फोन हिसकावून फेकावासा वाटला, जणू त्याच फोनने ते केलं होतं.

मावशी म्हणाली, "म्हणजे मीच सांगितलं."

सून घाईघाईने म्हणाली, "आई, असं नका म्हणू. सगळ्यांनीच मान्य केलंय ते. मीही केलंय."

"तुझं तू मान्य केलंस. मी तिचं मान्य केलं. तिला न विचारता."

सुनेचे डोळे भरून आले, कारण खातं तिनेच उघडून दिलं होतं. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते खातं बंद करून टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती चष्म्याच्या दुकानात गेली आणि चष्मेवालीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. खूण, धोरण, मुख्याध्यापिका, काही लपवून ठेवलं नाही. चष्मेवाली हातातली काच फडक्याने पुसत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ठीक आहे, मावशी." त्या "ठीक आहे"ने मावशी खचली. शिव्या दिल्या असत्या तर ती पुन्हा गेली असती.

परत येताना वाटेत चष्मेवालीची सासू भेटली. तिने रडत रडत सांगितलं की ते निरोप अजून येतात. सासूने आपल्या फोनवरचे कुणाकडून तरी बंद करून घेतले होते, पण सुनेला ते येतच होते. बाळंतपणाची तारीख होती त्या सुमारास तर "बाळाचं स्वागत असो" म्हणून आला. त्या यंत्राला कुणी कळवलंच नव्हतं. जमलेल्या नातेवाइकांना सासूने फोन केले, पण याला कोण करणार?

तेव्हापासून मावशीने एकच ध्यास घेतला: काहीही करून ते बंद करायचं. तिला क्षमा नको होती. निदान ती तसं म्हणायची. तिला एवढंच हवं होतं की त्या मुलीच्या फोनवर पुन्हा ती पावलं उमटू नयेत. आधी तिने फोन केले. समोरून यंत्र बोलायचं, एक दाबा, दोन दाबा. मग आम्ही दोघी त्या उत्तर देणाऱ्या सेवेच्या ऑफिसात गेलो. मी मुद्दाम बरोबर गेले, कारण भांडायला कुणीतरी लागणार होतं. काचेची दारं, पाय बुडतील असा गालिचा, आणि आम्हाला पाणी विचारणारा एक कोवळा, नम्र अधिकारी. तो म्हणाला, आमच्याकडे कुणाचं नाव वगैरे नसतं, आमच्याकडे फक्त गट असतात, त्यामुळे एका व्यक्तीला काढणं अवघड आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीच बोलली.

"गटाचं बाळ जातं का हो?"

त्या पोराने कागदावर काहीतरी लिहून घेतलं. त्याचं काही झालं नाही. मग सरकारी तक्रार कचेरी झाली, मग मावशीच्या सुनेने लिहून दिलेले अर्ज, मग त्या अर्जांची आठवण करून देणारे अर्ज. प्रत्येक ठिकाणी तिला विचारत, तुमच्या बाबतीत काय घडलं आहे? ती सांगे, माझ्या बाबतीत नाही. मग ते म्हणत, ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांनी यायला हवं. तिच्या नाकी नऊ आले. शिवणं मागे पडली. मी तिला म्हटलं, सोड आता. तिने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा तो शब्द मी काढला नाही.

आणि एक दिवस उत्तर आलं. आपल्या विनंतीनुसार संबंधित गट व त्याच्याशी जोडलेली सर्व माहिती कायमची पुसण्यात आली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मावशीने ते मला दोनदा वाचायला लावलं. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी तिच्या मशीनचा लागोपाठ आवाज आला. मध्येच ती गुणगुणतसुद्धा होती, तेही बेसूर.

त्यानंतर महिना, सव्वा महिना गेला असेल. दुपारची वेळ होती. मावशीने दोऱ्याचा रंग जुळवायला मला बोलावलं होतं, म्हणून मी तिच्याकडेच होते. दारात चष्मेवाली उभी. आत ये म्हणायच्याही आधी ती आत आली आणि स्टुलावर बसली. आणखी वाळली होती.

"ते मेसेज यायचे थांबले," ती म्हणाली. "तुम्ही थांबवलेत का?"

"हो," मावशी म्हणाली. तिचा चेहरा मी बघितला. एवढ्या दिवसांनी कुणीतरी खांद्यावरून ओझं उतरवायला हात पुढे केला, असा तो चेहरा झाला होता. "फार फिरावं लागलं. पण आता पुन्हा कधी येणार नाहीत."

चष्मेवालीने मान हलवली.

"कशाला थांबवलेत?"

मावशीला काही समजलं नाही. मलाही नाही.

"आधी मी फोन आपटला होता," ती हळू आवाजात सांगू लागली. "काच फुटली त्याची. मग दर आठवड्याला मेसेज यायचा. आता मान धरली असेल. आता हसायला लागलं असेल. आता कुशीवर वळत असेल. घरात कुणी विषय काढत नाही, मला त्रास होईल म्हणून. आई म्हणते विसर. डॉक्टर म्हणतात पुढचं बघा. हे आपण कुणालाही सांगू शकत नाही, मावशी, वेडी म्हणतील. पण सगळ्या जगात त्या एकट्या यंत्रालाच माझं बाळ आहे असं वाटत होतं." तिने टेबलावरची एक चिंधी बोटाला गुंडाळली. "शेवटचा आला तेव्हा ते बसायला लागलं होतं. त्याच्यानंतर काय झालं, ते मला कळलंच नाही."

मी तोंड फिरवलं.

मावशी उठली नाही, रडली नाही, माफही कर म्हणाली नाही. तिने टेबलावरचा कपडा बाजूला सारला. मग खाली बघत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आता रांगत असेल."

चष्मेवालीने वर बघितलं.

"रांगायला लागलं की गुडघ्यांवर कपडा फाटतो," मावशी म्हणाली. "तिथे आतून दुहेरी कापड लावावं लागतं. मऊ, नाहीतर टोचतं. आणि बटणं पुढे नाही लावायची, तोंडात घालतं. मागे लावायची."

चष्मेवालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिने स्टूल टेबलाजवळ ओढून घेतलं.

"आणि मग?"

"मग धरून उभं राहतं," मावशी म्हणाली. "त्याला अजून महिना आहे."